सोसायटीचा टीव्ही आणि आबारावांचं स्टेरिंग

आबाराव सरवद्यांच्या हातातलं एस.टी.चं स्टेरिंग सुटलं ते अपघातामुळे नाही. उभ्या नोकरीत त्यांच्या हातून साधं कोंबडीचं पिल्लूसुद्धा चिरडलं नव्हतं. सोलापूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना काळ्या पडद्यासमोर बसवलं. काठीच्या टोकाला एक पांढरा मणी होता. तो कडेकडेनं मध्ये आणत डॉक्टर म्हणाले, "मणी दिसला की सांगा."

आबाराव वाट बघत बसले. मागं बाकावर बसलेल्या बनाबाईला, त्यांच्या बायकोला, मणी केव्हाचा दिसत होता. खाकरून खूण करावी असं तिच्या मनात येऊन गेलं. मणी पार नाकासमोर आला तेव्हा आबाराव म्हणाले, "आला."

काचबिंदू निघाला. समोरचं स्वच्छ दिसत होतं, बाजूचं सगळं गेलं होतं. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली थेंबांवर टिकवायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. उमरगा डेपोनं त्यांना गेटवर बसायचं काम देऊ केलं. दुसऱ्यांच्या हातातल्या गाड्या आत-बाहेर जाताना बघत बसणं आबारावांना सोसेना. ते नोकरी सोडून नागझरवाडीला, घरी आले.

वाडी उमरग्यापासून कोसभर आत. वर्ष सत्त्याऐंशीचं, लागोपाठच्या दुष्काळानं भाजून निघालेलं. विहिरींनी तळ दाखवला होता. अर्धं गाव रोजगार हमीच्या खडीवर जात होतं आणि दूध सोसायटीत जिथं कॅन ओळीनं लागायचे तिथं चार-दोन कॅन भरताना मारामार होती. बनाबाईची एक म्हैस होती. तिच्यासाठी ती कुठून कुठून वैरण गोळा करायची, आणि उरलेला वेळ नवऱ्याकडं बघण्यात जायचा.

आबाराव ओट्यावर बसून असायचे. बोलायचे नाहीत. चहाची बशी तोंडाला लावली की त्यांचा डावा पाय जमिनीवर दाबला जायचा. क्लच. बाजेवर पडले तरी दोन्ही हातांच्या मुठी छातीवर गोल धरलेल्या. एकदा हायवेकडून ट्रकच्या गिअरचा आवाज आला, तशी त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "चुकीचा टाकला." त्या दिवशी ते तेवढंच बोलले.

अशात बनाबाईचा भाचा मच्छिंद्र मस्कतहून सुट्टीवर आला. तिकडं तो वेल्डर होता. येताना त्यानं आत्याला ब्लँकेट आणलं आणि मामांसाठी एक चपटी काळी डबी. डबीला दोन गोल बटणं आणि एक लांब वायर.

"टीव्हीचा खेळ हाय, आत्या," तो म्हणाला. "वायर टीव्हीला लावायची. काचंवर रस्ता दिसतो, गाड्या येत्यात, आवाज डबीतनंच निघतो. हे बटण फिरवलं की आपली गाडी डावी-उजवी सरकती. तिकडं दुकानात याची उभी कपाटं असत्यात, स्टेरिंग लावलेली. मामांना वाटलं तर…"

"टीव्ही कुठाय आपल्यात," आबाराव म्हणाले. पण डबी त्यांनी हातात घेतली, बटण फिरवून पाहिलं आणि खाली ठेवली. मग बऱ्याच वेळानं, जणू स्वतःशीच, "हैदराबादला स्टँडमागं होतं तसलं कपाट. पोरंटोरं उभी राहून चालवायची. मी बाहेरून बघायचो. एकाला बी वळण घेता येत नव्हतं."

मच्छिंद्र सुट्टी संपवून गेला. डबी कोनाड्यात पडून राहिली. पण 'बाहेरून बघायचो' हे शब्द बनाबाईच्या डोक्यातून जाईनात.

टीव्ही गावात होता. सोसायटीत. गुलबर्ग्याचं प्रसारण सुरू झालं तेव्हा सोसायटीनं हौसेनं घेतला होता, लाकडी पेटीतला, पुढं सरकतं दार असलेला. कानडी बातम्या असोत की तेलुगू नाच, सगळं गाव पडद्यावरच्या मुंग्यांच्या पावसातून डोळे ताणून बघायचं. भीमनगरातली माणसं दाराशी, पायऱ्यांवर बसून बघायची. कोणी तसं सांगितलं नव्हतं, कोणी आत या असंही म्हटलं नव्हतं. आता सोसायटीनं नवा रंगीत घेतला होता आणि जुना पेंडीच्या पोत्यांमागं धूळ खात होता.

बनाबाई सोसायटीची सभासद. सभेला ती नेमानं जायची, बोलायची मात्र नाही. त्या महिन्याच्या सभेत वैरणीचं, टँकरचं बोलणं संपलं आणि चेअरमन ज्ञानोबा पाटील उठायला लागले तेव्हा ती उभी राहिली.

"पेंडीमागला टीव्ही मला द्या."

ज्ञानोबा पुन्हा खाली बसले. "बनाबाई, त्यो बोलत न्हाय आता. आवाज गेलाय त्याचा."

"मला आवाज नगंच. डबीला तिचा आवाज हाय."

"चित्र बी फिरतंय. खालनं वर, खालनं वर."

"फिरू द्या. थांबवणारा बघते."

कोपऱ्यातून रामकिसन बोलला. गावात चांगली बागाईत असलेला माणूस, पण त्या वर्षी बागेतल्या विहिरीत पोहरा आपटत होता, त्यामुळं सगळ्याच गोष्टींवर त्याचा राग. "बंद टीव्हीत काय अंडी उबवायची हायती का? सोसायटीची वस्तू अशी मागंल त्याला देत सुटलं तर उद्या कुणी फॅट काढायची मशीन मागंल."

लोक हसले. बनाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण ती बसली नाही. "आमचे मालक इतकी वर्षं गाडी चालवत होते. तुमची लेकरं कालेजाला, तुमच्या बायका बाळंतपणाला, सगळ्यांना सुखरूप नेलं, आणलं. आता ते घरात बसून हवेत स्टेरिंग धरत्यात. मला ते बघवंना. टीव्हीवर गाडीचा खेळ चालतो म्हणं. बघते लावून."

ज्ञानोबा चेअरमन खाली बघत राहिले. त्यांची थोरली लेक अडली होती तेव्हा पावसातून उमरग्यापर्यंत एस.टी. कोणी नेली होती, हे सभेत सगळ्यांना माहीत होतं. "कुणाची हरकत?" त्यांनी विचारलं. रामकिसननंही हात वर केला नाही. टीव्ही दुसऱ्या दिवशी दुधाच्या हातगाड्यावरून, खाली गोधडी, वर गोधडी, असा भीमनगरात, बनाबाईच्या घरी आला.

ओट्यावरून आबारावांनी तो पाहिला. नाकासमोर येईपर्यंत त्यांना हातगाडा दिसलाच नव्हता. "म्हातारपणी खेळणी," ते म्हणाले आणि उठून मागच्या दारी गेले.

टीव्ही दुरुस्त करायला उमरग्याहून बसप्पा आला. त्याचं रेडिओचं दुकान होतं, घरी कानडी बोलायचा, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि वस्तूंशी दोन्ही मिसळून. मागची पाटी उघडल्यावर आतून उंदराचं घरटं निघालं, सोसायटीच्या जुन्या सभांच्या कागदांच्या चिंध्या करून बांधलेलं. बसप्पानं ते हलक्या हातानं बाहेर ठेवलं.

"बनाक्का, एक सांगतो. ही मागची पाटी तुमी कधी काढायची न्हाय. बंद असला तरी आत करंट धरून बसतो ह्यो. म्हशीगत न्हाय, की ओळखलं की गप उभारंल."

त्यानं धूळ झटकली, आतला एक काचेचा दिवा, व्हॉल्व्ह, बदलला, डबीची गोल वायर आणि टीव्हीची चपटी वायर यांच्यामध्ये बसवायला एक छोटा जोड दुकानातून आणला होता तो लावला. मग चॅनलचं बटण एकेक घर फिरवत गेला. मुंग्या, मुंग्या, आडव्या रेघा, पुन्हा मुंग्या. एका घरावर अचानक काळ्यावर दोन पांढऱ्या रेघा उभ्या राहिल्या आणि त्यांच्यामधून चौकोनी ठिपके खाली घसरू लागले. चित्र वर पळत होतं. मागचं एक बारीक बटण त्यानं केसभर फिरवलं, तसं ते थरथरलं आणि थांबलं.

"रस्ता," बसप्पा म्हणाला.

बनाबाईनं वाकून पाहिलं. तिला तो रस्ता वाटला नाही. पण डबी टुक-टुक करत होती आणि मागच्या दारातून आबाराव मान काढून बघत होते, म्हणून ती म्हणाली, "व्हय की, रस्ताच."

आता हैदराबादसारखं कपाट. बलभीम सुतारानं मोडक्या बाजेची खुरं आणि जुन्या दाराच्या फळ्या जोडून कंबरेएवढी पेटी केली. टीव्ही त्याच्या पेटीसकट आत, काच जराशी मागं कललेली, बसणाऱ्याच्या डोळ्यासमोर नीट येईल अशी. काम सुबक झालं. इतकं सुबक की मागून पुढून कुठं फट राहिली नाही. चालू केल्यावर थोड्या वेळात घरात तापलेल्या लाखेसारखा वास सुटला. बनाबाईनं धावत जाऊन बटण बंद केलं. निरोप मिळाल्यावर बसप्पा आला आणि कपाटाभोवती फिरून बलभीमला म्हणाला, "मामा, ह्येला पेटीत घालून पुरताय का? त्यो श्वास घेतो."

बलभीमनं मुकाट्यानं गिरमिट काढलं आणि पाठीला, माथ्याला भोकंच भोकं पाडली. कपाट चाळणीसारखं दिसायला लागलं, पण वास थांबला.

स्टेरिंग बनाबाईनं हायवेच्या भंगारवाल्याकडून आणलं, कुठल्यातरी ट्रकचं. बलभीमनं ते दांड्यासकट पुढं बसवलं आणि दांड्याचं टोक सरळ डबीच्या बटणावर ठोकलं. बनाबाई बसली, स्टेरिंग फिरवलं. बटण तितकं फिरायला बनलेलं नव्हतं. आत काहीतरी कर्र वाजलं.

"थांब," मागून आवाज आला. आबाराव दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे. "असं बसवत्यात का स्टेरिंग? ही काय सायकल हाय? मोठ्या गाडीचं चाक दोनतीन येढे फिरतं, तवा गाडी वळती. आन हे ट्रकचं हाय. काढ ते."

ते आत आले. बलभीमला बाजूला सारून खाली बसले आणि बोटांनी चाचपून दांडा, बटण, फळी सगळं पाहिलं. त्यांचे हात डोळ्यांपेक्षा जास्त बघत होते. "दांड्याला बारकं रीळ लाव. दोऱ्याचं रिकामं. बटणाला मोठी लाकडी चकती. दोन्हींवरून शिलाई मशीनचा पट्टा. म्हंजी चाक तीनदा फिरलं की बटण एकदा. आन जास्त पिळलं तर पट्टा घसरंल, बटण न्हाय तुटायचं."

बलभीम बनाबाईकडं बघायला लागला. ती दुसरीकडं बघत होती, तिला हसू आवरत नव्हतं.

एस.टी.चं मोठं स्टेरिंग आणायला आबाराव स्वतः भंगारवाल्याकडं गेले. बनाबाईचा हात धरून गेले, बाजूनं येणारं दिसत नव्हतं म्हणून. नोकरी सुटल्यावर पहिल्यांदाच त्यांनी हायवे पाहिला. ढिगातून तीन-चार स्टेरिंगं हातात घेऊन त्यांनी घासलेल्या कडा चाचपल्या आणि एक निवडलं. "ह्याच्यावर कुणीतरी लई वर्षं बसलाय," म्हणाले.

एवढं सगळं जमलं, आणि मग ते चालवायला बसले तर काहीच जमेना.

स्टूल कपाटाला खेटून ठेवलं होतं, जसं ड्रायव्हरचं सीट स्टेरिंगला खेटून असतं तसं. दुपारची वेळ, वीज होती. आबारावांनी शर्टाची वरची गुंडी लावली, चाक धरलं. डबी टुक-टुक करू लागली. डावीकडून ठिपका आला, धडकला. उजवीकडून आला, धडकला. दर धडकेला डबीतून खर्रकन आवाज यायचा. आबाराव चाक फिरवत राहिले. बनाबाईला दिसत होतं की ठिपका आदळल्यावरच त्यांना कळतंय. कपाळावर घाम आला. मग त्यांनी हात खाली घेतले.

"अपघाती ड्रायव्हर झालो की," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

बनाबाई तिथंच उभी राहिली. कपाट, भोकं, पट्टा, सोसायटीची सभा, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. ती त्यांच्याच स्टुलावर टेकली. दवाखान्यातला मणी तिला आठवला. तिनं दोन्ही हातांच्या मुठी वळल्या, त्यांच्या पोकळीतून, दुर्बिणीतून बघावं तसं काचेकडं पाहिलं. रस्त्याचा मधला तुकडा तेवढा दिसला. कडेच्या रेघा नव्हत्या, बाजूच्या गाड्या नव्हत्या. डोळ्यांवर हात ठेवूनच ती काही वेळ बसली. इतके दिवस नवरा तिला समोर दिसत होता. तो कुठून बघतोय ते तिला आज कळलं.

मग ती स्टुलासकट मागं सरकली. मुठीतून बघितलं. आणखी सरकली. रस्ता लहान होत गेला आणि एकेक करून दोन्ही रेघा मुठीत आल्या. मागच्या भिंतीला पाठ लागायला आली तेव्हा सगळी काच, चारी कोपरे, तिच्या त्या दोन भोकांत मावली.

"अवं," तिनं हाक मारली. "आत या. काच लई जवळ होती."

बलभीमला पुन्हा बोलावलं. स्टेरिंग कपाटापासून काढून वेगळ्या खोक्यावर बसवलं, ते भिंतीजवळ, स्टुलापुढं आणलं, डबी त्याच खोक्यात बसवली. तिथून कपाटापर्यंत वायर पुरेना, ती बसप्पानं जोडून लांबवली. कपाट खोलीच्या एका टोकाला आणि ड्रायव्हर दुसऱ्या टोकाला, मधून येणारा-जाणारा वाकून जायचा. असं कपाट मस्कतला नसेल आणि हैदराबादलाही नसेल.

आबाराव बसले. टुक-टुक सुरू झालं. डावीकडून ठिपका आला, त्यांनी चाक दोन वेढे फिरवलं. ठिपका बाजूनं निघून गेला. दुसरा गेला. तिसरा. त्यांच्या खांद्यांमधला ताण उतरताना बनाबाईला पाठीमागूनही कळलं. खेळात जितक्या जास्त गाड्या मागं टाकाल तितके जास्त गुण, असं मच्छिंद्रनं सांगितलं होतं. आबारावांनी गुणांकडं ढुंकून पाहिलं नाही. एकही गाडी घासू न देता ते आपले दमानं जात राहिले.

"बस की," ते म्हणाले.

ती बाजूला पोत्यावर बसली.

"येणेगूर," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "जळकोट." मग नळदुर्ग आलं, अणदूर आलं. इटकळला ते थोडे थांबल्यासारखे झाले. "हितं एक म्हातारी चढायची, रोज. डोक्यावर भाजीची पाटी. कंडक्टर कुरकुर करायचा." बनाबाईनं हे कधी ऐकलं नव्हतं. इतकी वर्षं नवरा सकाळी जायचा, रात्री यायचा, मधला रस्ता त्याचा एकट्याचा होता. त्या दुपारी तांदूळवाडी, बोरामणी करत दोघं सोलापूरपर्यंत गेले. वीज गेली नसती तर परतही आले असते.

गोष्ट गावभर व्हायला वेळ लागला नाही. आधी भीमनगरातली माणसं आली, मग वरच्या आळीची. दुष्काळात शेतात काम नसतं आणि दुपार सरता सरत नाही. आबाराव कोणालाही बसू द्यायचे, पण कोणाला शिकवत बसायचे नाहीत. अट एकच, आदळला की उठायचं. बलभीम आदळायचा, ज्ञानोबा चेअरमन आदळायचे. चेअरमन तर चाक कासऱ्यासारखं ओढायचे. "पाटील, बैल न्हायत पुढं," असं आबाराव म्हणाले की खोली हसायची, चेअरमनसुद्धा.

एका भर दुपारी रामकिसन आला. आधी दाराशी उभा राहिला, मग आत येऊन बसला, मग चाकावर बसला. रागीट माणूस, पण हात स्थिर निघाला. बराच वेळ त्याला एकही ठिपका लागला नाही. घरात श्वास रोखून सगळे बघत होते. ऊन असं की पत्रा कडकड वाजत होता. नजर काचेवरून न हलवता रामकिसन म्हणाला, "वैनी, पाणी द्या जरा."

त्याच्या घरच्या कोणीही या घरात कधी पाण्याला हात लावला नव्हता. बनाबाईनं रांजणातून तांब्या भरला आणि त्याच्या हातात दिला. एका हातानं चाक धरून तो दुसऱ्या हातानं पाणी प्यायला. सगळं प्याला. तांब्या परत देताना त्यानं मान वळवली, बनाबाईकडं पाहिलं, आणि तेवढ्यात आदळला.

"उठा," आबाराव म्हणाले.

"पाण्यानं घात केला," रामकिसन म्हणाला आणि उठला. पण घरी गेला नाही. पुढचा नंबर लागेपर्यंत पोत्यावर बसून राहिला, आणि जाताना सोसायटीत वैरण आली की आधी तुम्हाला कळवतो, असं बनाबाईला सांगून गेला. बनाबाईनं ते बोलणं फार मनावर घेतलं नाही. पण त्यानं कळवलं, हेही खरं.

पुढच्या वर्षी पाऊसपाणी बरं झालं. माणसं शेताला लागली आणि दुपारची गर्दी पांगली. आबारावांचे थेंब चालूच होते, तरी नजर आणखी थोडी आवळली. स्टूल आता भिंतीच्या मागं नेता येत नव्हतं, म्हणून बलभीमनं कपाटच समोरच्या दाराबाहेर, पडवीत सरकवलं. काच लांब गेली आणि ठिपके ज्वारीच्या दाण्याएवढे झाले. एक दिवस आबाराव स्वतःच स्टुलावरून उठले.

"तू बस," ते म्हणाले. "मी सांगतो."

बनाबाईला चाकाचं वजनच पेलेना. ती उजवीकडं म्हटलं की डावीकडं जायची. डबीनं खर्रकन केलं की कपाळाला हात लावायची आणि तोवर दुसरा येऊन आदळायचा. आबाराव पोत्यावर बसून, डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून तिच्या चुका सांगायचे.

"दमानं. हात सैल सोड. गाडीला बी कळतं धरणाऱ्याला भ्या वाटतंय ते."

"तुमाला काय जातंय सांगायला, तुमी आपलं बसून."

"मग पाशिंजर बसूनच बोलतो," आबाराव म्हणाले. "आमचे पाशिंजर लई बोलायचे."

जळकोटच्या पुढं काही तिला जाता आलं नाही. पण त्या संध्याकाळी म्हशीची धार काढून ती आत आली तेव्हा आबाराव उठून तिच्यासाठी स्टूल पुसत होते.